भोंग्याला दिलेली मुदत

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोरही नाही. त्याला माहीत असेलच असं धरून मी तिथंही गप्प राहिलो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या लोकांत मी फार चांगला माणूस आहे.

नव्वदीची शेवटची वर्षं. हुबळी-धारवाडला पाणी पुरवणाऱ्या एका शुद्धीकरण केंद्रात मी इंजिनियर होतो. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं हे तोवर माणसं ठरवायची. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते बघायचं. मग स्वयंचलित यंत्रणा आली. क्लोरीन ती स्वतः मोजणार, कमी झालं तर झडप उघडणार, जास्त झालं तर मिटणार, आणि फारच कमी झालं तर भोंगा वाजवणार. ती बसवून जुळवायचं काम माझ्याकडे. बाहेरगावी ट्रेनिंग घेऊन आलेला मी एकटाच — काय ताठलो होतो, सांगता सोय नाही.

आणि ती जुळता जुळेना. झडपेतून क्लोरीन सुटलं की मोजणीच्या जागी ते पोचायला वेळ लागतो. तेवढा धीर यंत्राला शिकवावा लागतो, आणि मला तो शिकवता येईना. कमी दिसलं की ते धाडकन सगळं उघडायचं, जास्त झालं की पार मिटायचं. आकडा दिवसभर वर-खाली, आणि भोंगा उठसूट बोंबलायचा. ऑपरेटर लोक हसायचे — साहेबांचं पोर रडायला लागलं म्हणायचे.

त्यातच उद्घाटन ठरलं. मोठे साहेब, हार, पेढे. त्यांच्यासमोर भोंगा वाजला असता तर माझं काय राहिलं असतं? आता, भोंग्याला एक मुदत दिलेली असते — आकडा इतका वेळ सलग कमी राहिला तरच वाजायचं, अशी. ती थोड्या मिनिटांची होती. मी ती पाऊण तासाची करून टाकली. उद्घाटन कसं शांततेत पार पडलं. पाहुणे गेल्यावर मुदत परत कमी करायची होती... केली नाही. विसरलो नव्हतो हो. मला ती शांतता आवडली होती. वर ऑपरेटरांना सांगूनही टाकलं की आता ते पिवळा रंग बघत बसणं पुरे, काही बिघडलं तर भोंगा सांगेल.

इथवर सांगायला फारसं जड जात नाही. नोकरीतली चूक — कुणाच्या हातून होत नाही? खरं ते पुढं आहे, आणि मी मुद्दाम रेंगाळतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका सकाळी कामावर पोचलो तर आकडा तळाला. क्लोरीनच्या नळीत काहीतरी अडकलं होतं आणि गॅस थांबत थांबत येत होता. मधूनच आकडा क्षणभर वर यायचा, आणि तो वर आला की भोंग्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. पाऊण तास कधी भरलाच नाही. “हॉर्न होडीलिल्लरी सर,” ऑपरेटर कानडीत म्हणाला, हॉर्न झालाच नाही म्हणून. भोंगा वाजला नाही, म्हणून तो निवांत होता. मीच तर तसं शिकवलं होतं.

नळी साफ केली, क्लोरीन वाढवलं, आणि मुदत गुपचूप पहिल्यासारखी करून टाकली. पण पहाटेपासूनचं पाणी निघून गेलं होतं. त्या दिवशी पाळी धारवाडातल्या सप्तापूरकडची होती.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. पाळीच्या दिवशी घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून घ्यायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. म्हणजे त्या सकाळचं पाणी लोक कितीतरी दिवस पिणार होते. वरच्या साहेबांना सांगितलं असतं तर लाउडस्पीकर लावून रिक्षा फिरवता आली असती — पाणी उकळून प्या म्हणून. एवढंच करायचं होतं. पण मग भोंगा का वाजला नाही, हा प्रश्न आला असता. मी स्कूटर काढली आणि घरी आलो.

घर सप्तापुरातच. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं, खाली घरमालकीण सिंधुअक्का. नळाला जोर नसायचा, पाणी वर चढायचं नाही. म्हणून स्वतःचं भरून झालं की अक्का पाइप ओढून जिन्याखालचे आमचे ड्रमही भरून ठेवायची. तिला कधी सांगावं लागलं नाही. त्या दिवशीही भरून ठेवले होते. “आज चांगलं जोरानं आलं की हो साहेब तुमचं पाणी,” ती म्हणाली. तिची एकुलती एक मुलगी, मंगल, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरत आलेला. ती पायरीवर बसून तांब्यानं पाणी पीत होती. मी तिला वळसा घालून वर गेलो.

बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणालो, थोडे दिवस पाणी उकळून घे, गावात ताप आहे म्हणतात. तिनं पातेलं चढवलं आणि ती जिन्याकडे निघाली — खाली अक्कांनाही सांगून येते म्हणाली.

आता ते वाक्य. मी म्हणालो, “नको. दोन जिवांची पोरगी आहे घरात, उगीच घाबरतील.”

ऐकलंत ना? ज्या कारणासाठी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तेच कारण मी न सांगण्यासाठी वापरलं. आणि मला माहीत होतं — दूषित पाण्याची कावीळ पोटुशा बाईला किती वाईट, हे शिकून आलेला माणूस मी. खाली सांगितलं तर अक्का विचारणार, अक्काला कळलं की गल्लीला कळणार. एवढा हिशोब मी जिन्याच्या तोंडाशी उभ्या उभ्या केला. बायकोला वाटलं, नवरा किती विचार करतो.

महिनाभरानं मंगलचे डोळे पिवळे झाले. हुबळीच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी मी आणली. रक्तासाठी मी धावलो. पोटातल्या बाळासकट ती गेली.

डॉक्टर म्हणाले, कावीळ काय, कुठल्याही पाण्यानं होते. त्यांच्या त्या शब्दांना मी वर्षानुवर्षं धरून राहिलो. खरंही असेल ते. मग मी माझ्या घरातलं पाणी कशासाठी उकळायला लावलं होतं? पुढं एकदा बायकोनं विचारलं — त्या वेळी आपण पाणी का उकळत होतो हो? आठवत नाही म्हणालो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. तिला काय कळलं, काय नाही, ते मी विचारलेलं नाही.

केंद्रात कुणी चौकशी केली नाही. यंत्रणा पुढं चांगली जुळली, मला बढती मिळाली, उणकलला घर झालं.

सिंधुअक्का अजून आहे. सणावाराला आम्ही दोघं तिच्याकडे जातो. आल्यागेल्याला ती माझी ओळख करून देते — मंगलच्या वेळी हाच माणूस पोटच्या पोरासारखा उभा राहिला, खांदासुद्धा ह्यानंच दिला. सांगता सांगता ती माझ्या पाठीवरून हात फिरवते. मी तो फिरवू देतो.