शेवंतीचं माहेर

सुमतीआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बसमध्ये चढत होते. तिच्याकडेच निघाले होते. पिशवीत तिला आवडणारे उंडे, गोव्याचे कडक पाव, होते. जेवून आरामखुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. आता महिना उलटून गेला, पण तिची आठवण आली की डोळ्यांत पाणी येण्याआधी अंगात उत्साह संचारतो... कारण शेवटची दोनेक वर्षं आम्ही दोघी एका बाईला शोधत होतो.

ती बाई म्हणजे आत्याची आजी, माझी पणजी. पेडण्याजवळ कोरगावला आमच्या घरी काकांनी काढलेली वंशावळ आहे, पण तिच्यात सगळे पुरुष. पणजीचं लग्नानंतरचं नाव भागीरथी, एवढंच ठाऊक. मुलगा रांगता असतानाच ती वारली. तिचं माहेर कुठलं, तिथलं नाव काय, सांगणारं कुणी उरलं नाही. आत्या शाळेत बाई होती, लग्न केलं नव्हतं, जीभ तिखट. वंशावळीपुढे उभी राहून म्हणायची, "बापये सगळे जल्मले, आणि बायलो काय फणसातसून पडल्यो?"

पोर्तुगीज काळातल्या खानेसुमारीचे जुने कागद पाहता येतात असं कळलं आणि पणजीच्या शोधात आम्ही पणजीला जाऊ लागलो. हा विनोद आत्यानं प्रत्येक कंडक्टरला ऐकवला. लहानपणी ती पोर्तुगीज शाळेत शिकलेली. ते झिजलेलं अक्षर ती बोट न लावता, ओठ हलवत वाचायची. कित्येक खेपा वाया गेल्या. मग एकदा आमचं घर सापडलं. पणजोबा, भागीरथी, रांगता मुलगा... आणि खाली चौथं नाव. मी वाचलं, "झाबा."

"पोर्तुगीजीत एक्स म्हणजे श गो," आत्या म्हणाली. "शाबा. तुमका इंग्रजीन बिघडवल्यान." मग पुढचा शब्द वाचून तिनं माझा हात घट्ट धरला. "कुन्याद. म्हणजे मेवणो! भाऊस तिचो." कारकून माणसं मोजायला आला त्या दिवशी भाऊ बहिणीकडे आलेला, म्हणून तोही मोजला गेला. पुढे त्याचं गाव होतं... डिचोलीतलं सर्वण.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सर्वणला. देवळाजवळच्या दुकानात विचारलं, तर दुकानदारानं एका अंगणाकडे बोट दाखवलं. तिथं सुपाऱ्या वाळत घालणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शाबा? तो माझो आजो." आत्यानं सगळं सांगितलं. ते खाली बसले. "आजो मरमरेसर बहिणीचां नांव घेय. ती गेल्यार येणां-जाणां तुटलां, भाचो कसो वाढलो तां कळूक ना. शेवंती म्हणत तिका."

शेवंती! आत्या ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारत राहिली, एखाद्या पोरीला हाक मारावी तसं.

त्या गणेशचवथीला कोरगावात आमच्या दारी जीप थांबली. सर्वणची मंडळी व्हजें घेऊन आली होती. लेकीच्या घरी माहेरून जातो तो नेवऱ्या-लाडवांचा, फळांचा आहेर. शेवंतीला तो किती वर्षं पोचला नव्हता. "उशीर झालो," म्हातारे म्हणाले. आत्यानं टोपली डोक्याला लावली आणि आळीत घरोघर लाडू वाटत फिरली.

नंतर भेटेल त्या बाईला ती विचारू लागली, तुझ्या आजीचं माहेर कुठलं? मासे विकणारीला, बँकेतल्या मुलीला, मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कोल्हापूरच्या सविताला. आत्याच्या बाराव्याला मी खोलीत गेले, तर बायका भिंतीला टेकून हेच बोलत होत्या. एकीनं पार्से गावाचं नाव सांगितलं, दुसरीला आठवेना, तिनं तिथूनच आईला फोन लावला.

सवितानं माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमच्या आईच्या आजीचं माहेर कुठलं?"

सोमवारी तेच शोधायला पणजीला जाते आहे. सविता म्हणाली, मीपण येते.