वैनी आणि माझं ‘बरंय’

वैनी स्वतःचं चित्र फाडायची तेव्हा मेथी निवडत बसल्यासारखी दिसायची. राग नाही, डोळ्यांत पाणी नाही. कागद आधी उभा फाडायचा, मग आडवा, तुकडे एकावर एक नीट ठेवायचे आणि दुपारी त्यांवरच भाकरी-ठेचा घेऊन जेवायला बसायचं. तेलाचे डाग पडलेले ते तुकडे पाहून आमचे सर हळहळायचे. ती म्हणायची, “सर, चित्र वाईट हाय. कागद चांगला हाय.”

बारामतीत चित्रकलेच्या पदवीला आम्ही दोघी एका वर्गात होतो. ती लग्न होऊनच पहिल्या वर्षाला आली. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा आणि खांद्याला ड्रॉइंग बोर्ड. म्हणून सगळा वर्ग तिला वैनी म्हणे, तिच्याहून मोठी मुलंसुद्धा. माहेर सुप्याकडचं, सासर अंथुर्ण्याचं. रोज एसटीनं जायची-यायची. मी बारामतीतल्या वकिलांची मुलगी. शाळेपासून चित्रकलेची बक्षिसं माझ्याच घरी यायची. चित्र काढायला मला वेगळी खोली होती, मोठ्या खिडकीची. वैनीला एसटीत जागा मिळाली, तर मांडी.

पहिल्याच महिन्यात मला कळून चुकलं की ही माझ्यापेक्षा चांगली आहे. हे वाक्य मी आज, पन्नाशी जवळ आल्यावर, पहिल्यांदा लिहिते आहे. मुळात मी फार बोलणारी नाही, आणि हे तर बोलण्यासारखंही नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला सुप्याला गेली. “आता कसली परत येते बिचारी,” असं सगळे म्हणत होते. मीही म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. मग बाळाला आईपाशी ठेवून ती परत आली आणि माझी भूक गेली.

तिची एक खोड होती. चित्र झालं की बोर्ड उचलून थेट माझ्याकडे यायची, सरांकडे नंतर. “वकीलबाई, सांग की कसं झालंय.” आणि सांगेपर्यंत चित्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. चित्र बेताचं असलं तर मला इतकं हलकं वाटायचं, की अगदी मनापासून तोंडून निघायचं, “किती छान गं वैनी!” जमलेलं असलं की मात्र जीभ टाळूला चिकटायची. कसाबसा एकच शब्द बाहेर पडायचा, “बरंय.” दोन्ही वेळा ती नुसती मान हलवून जायची. मी कौतुक केलेली चित्रंच नेमकी भाकरीखाली कशी येतात, याचं मला नवल वाटायचं. असेल काही गावाकडची तऱ्हा, म्हणून मी सोडून द्यायचे.

माझ्या चित्रांचं कौतुक करताना मात्र तिनं कधी हात आखडता घेतला नाही. “लई भारी! आगं, हात हाय का काय ह्यो तुझा!” सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. ते शब्द मी दागिन्यासारखे मिरवायचे. असेल ती चांगली, पण तिलासुद्धा माझं भारी वाटतं ना, एवढ्यावर माझे दिवस निघायचे.

एकदा व्यक्तिचित्राच्या तासाला चित्रासाठी समोर बसायला येणारा माणूस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी वैनी सासऱ्यांनाच घेऊन हजर. आबा फेटा नीट करून खुर्चीत बसले.

“आबा, आता हलायचं न्हाय.”

“आन् खोकला आला मंग?”

“गिळायचा.”

तास संपल्यावर आबा हात मागे बांधून एकेक बोर्ड बघत निघाले. माझ्यापाशी बराच वेळ थांबले. “लई देखणा काढलाय, बाई. कोण म्हणायचा ह्यो?”

“आबा, तुमीच की त्ये,” मागून वैनी म्हणाली.

“मी? येवढा देखणा असतो तर तुजी सासू सारखी म्हायेरी पळाली असती व्हय?”

वर्ग खो-खो हसला. मीही हसले, पण कानशिलं तापली. मग आबा सुनेच्या बोर्डापुढे गेले. हनुवटीवरचे दाढीचे खुंट चाचपत उभे राहिले, कागदावरचे खुंट आणि आपले एकच आहेत का, ते तपासून बघावं तसे.

वैनी तो बोर्ड घेऊन माझ्याकडे आली. “सांग की.”

“बरंय,” मी म्हणाले.

ते चित्र तिनं फाडलं नाही. वर्षअखेरच्या प्रदर्शनात तेच पहिलं आलं, माझं दुसरं. तेव्हाही ती सगळ्यांदेखत म्हणाली, “तुझं बी लई भारी हुतं गं.”

पदवी झाली. मी बारामतीतच शाळेत चित्रकला शिकवायला लागले. पोरांकडून केळी, पेरू, आकाशकंदील काढून घेता घेता माझं स्वतःचं काढणं कधी थांबलं, ते समजलंही नाही. वैनीची चित्रं अंथुर्ण्याहून पुण्याला जातात, विकली जातात, असं कानावर यायचं. एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. जिनं चार वर्षं मला भर वर्गात ‘लई भारी’ म्हटलं, तिच्या खऱ्या चित्रांना मी एक चांगला शब्द दिला नाही. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत शेवटी ठरवलं. जायचं, आणि तो शब्द देऊन यायचं.

जुन्या गोठ्याला पत्रा टाकून तिनं काम करायला जागा केली आहे. केस पिकलेत, आवाज तोच. “आगं, वकीलबाई! वाट चुकलीस व्हय?” भिंतीला मोठं चित्र टेकवलेलं होतं, उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या बायांचं. मी शांतपणे बघितलं. सुरेख होतं. जीभ अगदी मोकळी होती. चला, वय झाल्यावर माणूस निवळतं, असं वाटून बरंही वाटलं.

“वैनी, फार सुंदर आहे,” मी म्हणाले. “हे मी तुला कॉलेजातच म्हणायला हवं होतं.”

तिचा चेहरा पडला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चित्राकडे. “म्हंजी ह्ये बी गेलं म्हणायचं.”

“अगं, खरंच सुंदर आहे!”

“त्येच की. मला बी कालपासनं तसंच वाटतंय. नुसतंच सुंदर झालंय.” तिनं चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं. “आगं येडे, तू छान म्हणलीस की मी फाडायचे. तोंड पाडून बरंय म्हणलीस की जपून ठिवायचे. सर काय, सगळ्यांनाच चांगलं म्हणायचे. वर्गात मनापासनं जळणारी तू एकटी. तुझ्या जळण्यावर डिग्री झाली माझी.”

म्हणजे पहिल्यापासून सगळं तिला ठाऊक होतं. मला मान वर करवेना. “आता नाही गं जळत,” मी म्हणाले. “शप्पथ.”

“मग येवढ्या उन्हाची आलीस कशाला?”

असं म्हणून तिनं कोपऱ्यातलं दुसरं चित्र ओढून पुढ्यात ठेवलं. अजून अर्धवटच होतं. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलेलं रान, सगळं काळं. मध्ये पाइप गळून ओली राहिलेली, न पेटलेली एक फिकी पट्टी. बस, एवढंच. आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

“बरंय,” मी म्हणाले.

वैनी एवढ्यांदा हसली, की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली. “आगं, च्या टाका गं कुणीतरी! वकीलबाई आली हाय!” जशी काही मी आत्ताच आले होते.

संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. किती वर्षांनी मन मोकळं वाटत होतं. तिनं मला नुसतं माफ केलं नव्हतं, वर तिच्या डिग्रीचं श्रेयही देऊन टाकलं होतं. तिचं एकेक वाक्य आठवून मी स्वतःशीच हसत होते. मग तिचा तो भर वर्गातला आवाज आठवला. “लई भारी, वकीलबाई!” माझ्या प्रत्येक चित्राला, चारही वर्षं, मोकळ्या, हसऱ्या, निवांत तोंडानं.

एकदाही ती मला ‘बरंय’ म्हणाली नव्हती.