टंगस्टनचा पहिला सेट

एकत्र काम करणारी माणसं एकत्र डबा खायला बसली की किस्से आपोआप जमतात. त्यांना कोणी आवतण देत नाही. एकाने सांगितला की दुसरा हातातला घास तसाच ठेवून म्हणतो, "ह्ये कायच नाय, माझा ऐक!" महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. तिथले बाकीचे किस्से पगाराचे, प्रमोशनचे आणि साहेबांचे. हे मात्र डार्ट्सचे. हे सांगताना अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो.

*

मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना आमच्या क्लबरूममध्ये त्याचा डार्टबोर्ड ठेवून गेला. सोबत नेम धरून त्यावर फेकायचे पितळेचे जाडजूड तीन डार्ट. गोल तबकडी, तिच्यावर कलिंगडाच्या फोडींसारखे भाग, प्रत्येकावर आकडा आणि मधोमध लाल टिपका. पहिल्या दिवशी कोणीतरी विचारलंही, "लकी ड्रॉचं चक्र काय हे?" फिरवून पाहिलं. फिरेना!

खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हार घातले. आमचा बॉयलरवाला शिंदे पूजेचं ताट घेऊन क्लबरूममध्येही आला. डार्टची टोकं बोटाने चाचपून म्हणाला, "ह्ये शस्त्रच हाय." बोर्डाला हार घातला, हळद लावली. कुंकवाचं बोट पुढे नेलं आणि मधला लाल टिपका बघून थबकला.

हात जोडून म्हणाला, "गोऱ्यानं आधीच लावून ठेवलंय!"

*

लॅबमधले जाधव केमिस्ट. त्यांना वाटायचं, जितक्या जोरात मारू तितकं चांगलं. त्यामुळे बोर्डाभोवतीच्या भिंतीची पार चाळण झाली. एकदा पर्सोनेलचे साहेब क्लबरूममध्ये डोकावले आणि भिंतीकडे बघतच राहिले.

"हे काय आहे?"

"वाळवी, सर," जाधव म्हणाले.

साहेबांनी भोकं जवळून बघितली, मग बोर्डाकडे बघितलं. म्हणाले, "बोर्ड सोडून बरोबर भिंतच खाते. नेम चांगला आहे!"

*

एका मे महिन्यात बबनदा कदम आले आणि खेळ बदलला. बबनदा उमरठच्या वरच्या वाडीतले, मालवाहू बोटीवर कुक. सुट्टीत गावी आले की कारखान्यात भाच्याला, म्हणजे आमच्या शिंदेला, भेटायला यायचे. त्यांनी खिशातून चष्म्याच्या घरासारखी डबी काढली. आत पेन्सिलीएवढे बारीक तीन डार्ट.

"बोटीवर सगळे ह्येच फेकतात. टंगस्टन."

आम्हाला ती काडी बघून हसू आलं. पण जाधवांनी लॅबच्या काट्यावर एका पारड्यात पितळेचा डार्ट आणि दुसऱ्यात ही काडी ठेवली. काटा हललाच नाही! इतक्या बारीक वस्तूत तेवढंच वजन? आम्ही सगळे काट्याभोवती गोळा झालो.

झाडू मारायला आलेल्या पार्वतीमावशींनी तो डार्ट तळहातावर घेतला, वरखाली केला आणि म्हणाल्या, "दिसाया काटकुळी, उचलाया दगड. माझी सासू गो बाय!"

मग बबनदा ओळीवर उभे राहिले. पहिला डार्ट विसाच्या फोडीतल्या आतल्या लाल चौकटीत. त्या चौकटीला तिप्पट मार्क. दुसरा त्याला खेटून. पितळेचे दोन जाडे तिथे बसले की तिसऱ्याला जागा उरायची नाही. बबनदांचा तिसरा त्या फटीत असा शिरला, जसा भरल्या एस्टीत कंडक्टर!

जाधव खुर्चीत बसले. म्हणाले, "आपल्याला असला सेट हवा."

*

आता वंदनाताईंबद्दल सांगतो. त्या आमच्या टेलिफोन ऑपरेटर. आदल्या वर्षी वरंधच्या घाटात त्यांची जीप कलंडली होती. उजवा हात मनगटापासून मोडला. हाड जुळलं, पण पहिल्या तीन बोटांना स्पर्श कळेना. बटण दाबलं गेलं की नाही ते बघितल्याशिवाय समजायचं नाही. कॉल भलतीकडे जायचे. ऑफिसात कुजबुज सुरू झाली होती की त्यांच्या जागी दुसरं कोणी बघायचं.

डॉक्टरांनी बोटांना काम द्या म्हणून सांगितलं होतं. त्या रबराचा बॉल दाबून कंटाळल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत क्लबरूममध्ये येऊन पितळेचे डार्ट फेकायच्या. गुळगुळीत पितळ, बधिर बोटं. डार्ट सुटायचा तो थेट पायाशी. त्या वाकून उचलायच्या, परत फेकायच्या. आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

*

सेट आणायला आम्ही मुंबईला निघालो. सुट्टी संपून बोटीवर परतणारे बबनदा, जाधव आणि मी. वंदनाताईंना त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना हात दाखवायचा होता, म्हणून त्याही आल्या. डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

दुकानदाराने काचेवर मखमल पसरून डार्ट मांडले. जाधवांची नजर सगळ्यात महागावर. "हा नव्वद टक्के टंगस्टन! घ्यायचा तर असलाच घ्यायचा."

बबनदांनी विचारलं, "बारावीला तुला किती टक्के होते?"

"चौपन्न."

"मंग तुला ऐंशीवाला बक्कळ झाला!"

दुकानदाराला हसू आवरेना. बबनदा मात्र गंभीर होते. "नव्वदवाला आनखी बारीक, एवढाच फरक. शिकाऊ मानसाला तो कळत नाय. वजन मधलं घ्या, बावीस-तेवीस ग्रॅम. अंग सरळ, फुगीर नको. मागचे पंख मोठे, म्हंजे वाकडा फेकला तरी सरळ जातो."

"आणि नंतर चुकलं असं वाटलं तर?" जाधवांची शंका.

"पयला सेट हाय रे, लगीन नाय!"

मग पकडीचा प्रश्न आला. काही डार्ट गुळगुळीत, काहींवर बारीक रेघा, काहींवर कानशीसारख्या खोल खाचा. आमची चर्चा चालू असताना वंदनाताई एकेक उचलून चिमटीत धरत होत्या. हात आपोआप करत होता, लक्ष दुसरीकडेच होतं. एक ठेवला, दुसरा घेतला. तोही ठेवला. मध्यम खाचांचा एक उचलला आणि त्या थांबल्या.

बोटं किंचित फिरवली. डोळे मिटले. परत फिरवली.

"बबनदा," त्या एकदम हळू म्हणाल्या, "हा टोचतोय."

"मंग ठेव गो खाली, दुसरा बघ."

"नाही हो. टोचतोय! मला कळतंय!"

दुकानदाराने बाकीचे डार्ट मखमलीत गुंडाळून आत ठेवून दिले. तो सेट ऐंशीवाल्यांतला सगळ्यात स्वस्त होता.

*

त्यानंतर कोणी सांगितलं नाही, पण क्लबचा सेट वंदनाताईंच्या पर्समध्ये राहायला लागला. गणपतीपर्यंत डार्ट बोर्डाला लागायला लागले. दिवाळीपर्यंत सांगितलेल्या आकड्याला. कॉल चुकायचे थांबले आणि ती कुजबुजही विरली. एकदा जाधवांनी विचारलं, "ताई, नेम कसा धरता?"

"मी नाही धरत. डार्ट धरते, तेवढंच पुष्कळ झालं!"

*

पुढच्या पावसाळ्यात एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या मॅचेस आमच्याच क्लबरूममध्ये झाल्या. फायनलला समोर शेजारच्या कारखान्याचे कर्णिकसाहेब. ट्रेनिंगला परदेशात राहून आलेले, स्वतःचे डार्ट, स्वतःचा रुमाल. आमच्याकडून वंदनाताई.

बाहेर भर दुपारी अंधारून आलेलं. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्यांना ताडपत्री लावलेली. खोलीत एकच बल्ब. शेवटच्या डावात कर्णिकसाहेबांना जिंकायला एकच डार्ट हवा होता आणि वंदनाताईंनाही एकच. नियम असा की शेवटचा डार्ट बाहेरच्या, दुप्पट मार्कांच्या बारीक पट्टीतच लागला पाहिजे. ताईंना हवी होती सोळाची पट्टी, जेमतेम करंगळीएवढी रुंद. दोन डार्ट तारेला घासून बाहेर गेले. हातात शेवटचा राहिला.

त्यांनी हात वर नेला आणि लाईट गेली.

मिट्ट काळोख. सगळे ओरडले, "थांबा! ताई, थांबा! कोणी पुढे जाऊ नका!" कोणी काडेपेटी शोधतंय, कोणी खुर्चीला अडखळतंय. त्या गलक्यात एक आवाज आला.

थक्.

शिंदेने वॉचमनची बॅटरी आणली. उजेडाचा गोळा भिंतीवरून सरकत बोर्डावर आला. सोळाची पट्टी. तिच्या अगदी मधोमध डार्ट, पंख अजून थरथरत असल्यासारखे.

पंच जाधव होते. कर्णिकसाहेब पुढे गेले, शिंदेच्या हातून बॅटरी घेतली आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. जाधव डार्ट काढायला गेले तसा साहेबांनी हात आडवा घातला.

"काढू नका. सगळ्यांना बघू दे आधी."

मग एकेक जण पुढे जाऊन बघून आला. कोणी हात लावला नाही. शिंदेने तर पायातल्या चपला काढल्या होत्या.

मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, एवढे सगळे थांबा म्हणत होते. काही दिसत नव्हतं. मग फेकलात कसा?"

त्या अजून तिथेच, ओळीवर उभ्या होत्या.

"हात वर गेला होता ना," त्या म्हणाल्या. "आता परत खाली कशाला आणायचा?"