'ह' म्हणजे हजर

भिंगरावांची आणि माझी पहिली भेट दाराच्या भोकातून झाली. समोरच्या घरात राहायला आलो त्या दिवशी मी हातोडी मागायला त्यांची घंटी वाजवली. दारातल्या गोल काचेपलीकडे एक डोळा उगवला. मी सकाळीच दाढी करून गेलो होतो. दार उघडेपर्यंत ती पुन्हा वाढली.

"कशाला हवी?"

"खिळा ठोकायला."

"बघू."

मी खिळा दाखवला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, खिळा चारही बाजूंनी तपासला आणि विचारलं, "हा तुमचाच कशावरून?"

हातोडी मिळाली. खिळा त्यांनी तारण ठेवून घेतला.

ते भिंग म्हणजे त्यांच्या पोटापाण्याचा तिसरा डोळा. स्प्रिंगच्या कारखान्यात ते तपासनीस होते. स्प्रिंग ओढायची, सोडायची, केसाएवढा तडा दिसतो का ते बघायचं. सव्वीस वर्षांत एकही तडकलेली स्प्रिंग त्यांच्या हातून निसटली नव्हती. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी आल्यावर ते भिंग खिशात जायचं, डोळ्यातून जात नसे. वहिनी म्हणायच्या, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे माझ्याकडे नाही, फोटोवाल्याकडे बघतायत. तो कॅमेरा घेऊन पळेल म्हणून!"

नोकरीची पहिली बारा वर्षं ते हंगामी होते. मग कंपनीने कायम करत असल्याचं पत्र दिलं. ते पत्र पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला.

आणि मग कायदा बदलला. मालकाला कामाचे तास बदलायला आणि माणसं कमी करायला मोकळीक. बदल्यात, काम सुटलंच तर सहा महिने अर्धा पगार आणि नव्या कामाचं फुकट शिक्षण. जुन्या कायम कामगारांनी नव्या करारावर सही करावी, नाहीतर जुन्यावरच राहतो असं महिनाअखेरीपर्यंत लिहून द्यावं.

भिंगराव तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "ह्यात 'लवचिक' हा शब्द नऊ वेळा आलाय. वेळ लवचिक, जागा लवचिक, माणूस लवचिक. मालकाची खुर्ची तेवढी लाकडी! अहो, लवचिक काय असतं ते मला सांगतात? ओढून सोडल्यावर जागेवर येते ती लवचिक. येत नाही ती नुसती लांब."

"पण शिकवणार म्हणतात ना," मागून आलेल्या वहिनी म्हणाल्या. "तुमच्या खात्यात सगळ्यांनी सह्या केल्या. शिका की काहीतरी!"

"फुकट शिकवतात, म्हणजे आधी काढणार."

"आणि जुन्याला चिकटून कारखानाच बंद पडला तर?"

"तर बंद कारखान्यात मी कायम!"

ह्यावर वहिनी चहा ठेवायला निघून गेल्या.

शेवटच्या दिवशी भिंगराव 'जुन्यावरच राहतो' असं लिहून द्यायला कचेरीत गेले. साक्षीदार म्हणून मला नेलं, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला वहिनींना. कारकून बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं.

"काका, हे तुम्हाला लागूच नाही. हे कायम कामगारांसाठी आहे."

भिंगराव हसले. अशा क्षणासाठीच तर डबा होता. त्यांनी तो टेबलावर आपटला. बाईंनी उघडला. आत एकाच पत्राच्या दोन प्रती निघाल्या.

"दोन्ही तुमच्याकडे कशा? एक सही करून तीस दिवसांत परत द्यायची होती. खाली लिहिलंय, नाहीतर पत्र रद्द."

"परत देतो होय! तुम्ही खाडाखोड केली असती म्हणजे?"

"म्हणून सहीच केली नाहीत?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

बाई म्हणाल्या, "तुम्ही हंगामी यादीतच राहिलात, काका. यादी दर वर्षी आपोआप पुढे चालू राहायची. तुमच्या हजेरीच्या कार्डावर चौदा वर्षं 'ह' आहे. बघितलं नाहीत?"

"बघितलं की! भिंगाने बघितलं. 'ह' म्हणजे हजर. एक खाडा नाही माझा."

"'ह' म्हणजे हंगामी. कायम माणसांना 'क' असतो."

बाकीच्यांच्या कार्डांवरचा 'क' भिंगरावांनी मला कितीदा तरी कुजबुजत समजावून सांगितला होता. कंपनीची गुप्त खूण, म्हणायचे. 'क' म्हणजे कामचुकार.

मग त्यांनी बाईंच्या टेबलावरचं पेन उचललं. न मागता, न तपासता. "बरं, तो नवा करार द्या. करतो सही."

"तोही कायम माणसांनाच आहे, काका."

वहिनींनी त्यांच्या हातातलं पेन काढून जागेवर ठेवलं आणि डबा बंद केला.

हंगामींची यादी त्याच दिवशी, एकतीस तारखेला बंद झाली. भिंगराव आता गाद्यांच्या कारखान्यात तीन-तीन महिन्यांच्या करारावर स्प्रिंगा तपासतात. तिथल्या कार्डावर अक्षर नसतं, नुसता नंबर असतो.