हौसराव आबांनी दिलेलं गाणं

लोक सोनंनाणं जपतात, बानूबाईनं चव्वेचाळीस वर्षं एक वाक्य जपलं.

तिचा बाप मेंढरं घेऊन घोड नदीवरून दौंडाकडं उतरायचा. त्या साली हौसरावांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, चांगला तीन आठवडे मुक्काम. आठ वर्षांची बानू तेवढ्यात गावच्या शाळेत जाऊन बसली. गुरुजींनी पाटीही दिली. हौसराव तेव्हा तरणेबांड, शाळेच्या कमिटीवर. दारातनंच म्हणाले, "मेंढरामागची पोर, हिला पाटी कशाला? काठी द्या हाताला." सगळा वर्ग हसला आन् पाटी गेली. लेंड्या मात्र रानातच राहिल्या. त्या साली आबांची ज्वारी पुरुषभर वाढली, हे बानूबाई अजून सांगते.

नशीब बघा, लग्न होऊन ती त्याच गावात नांदायला आली आणि पुढं अंगणवाडीत मदतनीस झाली. खिचडी ढवळता ढवळता पोरांची गाणी ऐकायची, तक्त्यावर बोट ठेवायची; अशी चाळिशीत वाचायला शिकली. पोर आधी गाण्यावर टाळी धरतं, मग एकेक शब्द सुटा करतं, आणि तोच शब्द भिंतीवर दिसला की सोयरा भेटल्यागत हसतं, हे तिला तिथंच उमगलं.

मग आबांचा नातू आला, स्वराज. पाच वर्षांचा. मोबाइल बघून बघून मुका झाल्यागत. अक्षर दाखवलं की मान खाली. घरच्यांनी हात टेकलेले. बानूबाईनं त्याला रोज मांडीशी बसवला. मायेनं नव्हे. तिला त्या घरातलं एक तोंड पाहिजे होतं.

पुठ्ठ्यावर लिहून ती टाळ्यांवर म्हणून घ्यायची:

मेंढरामागची पोर, हिला पाटी कशाला?
काठी द्या, काठी द्या, काठी द्या हाताला.
काठी घेऊन पोर आली आबाच्या दाराला.

पालकमेळाव्याला आबा फेटा बांधून पाहुणे. स्वराजनं भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत तिन्ही ओळी वाचल्या. पाठ असेल म्हणून सेविकाताईंनी मधलाच शब्द दाखवला. पोरगं म्हणालं, "पाटी." आबांचे डोळे भरले.

"ब्येस गाणं हाय, बानूबाई. कुणी केलं?"

"तुमीच, आबा."

"म्या? कवा?"

"आमची मेंढरं तुमच्या रानात बसली हुती, तवा. माझ्या हातातली पाटी काढून घेतली, तवा. शेवटली वळ तेवढी माझी."

तेव्हा वर्गात हसलेले दोघंतिघं मागं बसले होते, ते चपला बघायला लागले. आबा हळूच म्हणाले, "पुठ्ठा उतरवा तेवढा."

"उतरवते की." तिनं पुठ्ठा काढून त्यांच्याच हातात दिला. "पर पोरांच्या तोंडातनं कसं उतरवनार?"

हल्ली बानूबाई घरी जाताना जवळची वाट सोडून आबांच्या ओट्यावरून जाते. स्वराज टाळ्या वाजवत असतो. आबा आत उठून जातात. ती तिन्ही ओळी पुऱ्या ऐकते, मगच पुढं पाऊल टाकते.