काही काळ विश्रांती

मार्चमधल्या एखाद्या रविवारी मियुकी कपाटावरून बेस गिटारची पेटी खाली काढायची. चारही तारा उतरवायची, नव्या चढवायची, सूर लावायची आणि पेटी होती तशी परत वर ठेवायची. वाजवायची नाही. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

"आई, वाजवतच नाहीस तर तारा खराब कशा होतात गं?" नागिसा विचारायची.

"समुद्राची हवा आहे. इथे सगळंच गंजतं."

"मग सैल करून ठेव. आमच्या शाळेच्या क्लबात सांगतात, वाद्य बरेच दिवस ठेवायचं असलं की तारा सैल करायच्या. नाहीतर मान वाकते त्याची."

"बरेच दिवस ठेवायचंय हे कोणी सांगितलं तुला?"

 किती दिवस ठेवायचंय, ते खरं तर मियुकीलाही ठाऊक नसायचं.

मियुकी त्सुकिदाते उत्तर जपानमधल्या हाचिनोहे या बंदराच्या गावात शाळांचं दुपारचं जेवण बनवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती. पहाटे पाचला उठायचं, सहाला पांढरी टोपी आणि बूट चढवून रांगेत उभं राहायचं. मुख्य बाई प्रत्येकीचे हात उलटसुलट करून बघायच्या. नखं वाढलेली चालत नाहीत, बोटाला साधं खरचटलेलंही चालत नाही. मियुकीची नखं कधीच वाढलेली नसायची. "तुझ्याकडे बघायलाच नको," बाई म्हणायच्या. मग अंघोळीच्या हौदाएवढ्या कढईत वल्ह्याएवढा कालथा फिरवायचा, तीन हजार मुलांची मिसोची आमटी, माकुळाचे तुकडे, बटाटे. नवरा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोन रात्री घरी असायचा. माणूस चांगला, बोलणं कमी. असा हा संसार.

त्याआधीची बारा वर्षं मात्र वेगळी होती. शाळेच्या संगीत क्लबात बेस वाजवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती मियुकीच्या गळ्यात पडली. गाणारा आणि गिटार वाजवणारा कानामे, ड्रमवर तेत्सुजी. तेत्सुजीच्या मामाची जाळी ठेवायची शेड बंदरातल्या तिसऱ्या धक्क्यावर होती, तिथे तालीम चालायची. म्हणून बँडचं नावही 'तीन नंबरचा धक्का'. मोठं काही झालं नाही त्यांचं. एक कॅसेट, दोन सीडी, आणि 'कामोमे' नावाच्या तळघरात महिन्यातून एक कार्यक्रम. तिथे साठ माणसं मावायची, आणि त्यांच्या दिवशी सत्तर यायची. मियुकी स्टेजवर कधी बोलली नाही. तिच्यापुढे माईकच नसायचा. पण ती चुकली की ते दोघे चुकायचे, आणि ती सावरली की सावरायचे. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या जागी आपल्याकडे इतकं कान देऊन कोणी ऐकतंय असं तिला वाटलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिला दिवस गेले. तेव्हा तेत्सुजीने ब्रशने एक कागद लिहून कामोमेच्या भिंतीवर चिकटवला: 'बेसवादक बाळंतपणाच्या रजेवर असल्यामुळे काही काळ विश्रांती.'

बँड थांबवायच्या दोन रीती असतात. 'विसर्जन' म्हटलं की शेवटचा कार्यक्रम करावा लागतो, लोक फुलं आणतात, सगळे वाकून नमस्कार करतात आणि मग ते संपतं. 'विश्रांती' म्हटलं की काहीच करावं लागत नाही. कोणाचं मन दुखत नाही. पोटुशा बाईसमोर विसर्जन हा शब्द कोण काढणार? आणि दोघं थांबलेत हे दिसत असताना तो बाई तरी कशी काढणार?

नागिसाला दमा निघाला. सहा वर्षांची होईपर्यंत मियुकी रात्री तिच्या उशाशी बसून तिचा घरघरणारा श्वास मोजायची. तालीम करणाऱ्याची सवय, चार-चार मात्रांत मोजायची. एखादी मात्रा चुकली की वाकून कान तिच्या तोंडाजवळ न्यायची. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता कानामे मोरिओकाला ट्रॅक्टर विकायच्या नोकरीवर गेला, तेत्सुजीने वडिलांचं केशकर्तनालय हाती घेतलं. नववर्षाची कार्डं जायची-यायची. तिघंही लिहायचे, 'यंदा जमवू या.'

मग गेल्या फेब्रुवारीत, सेंदाईला नर्सिंग शिकायला जायच्या आधी, नागिसा मैत्रिणीचा बँड ऐकायला कामोमेत गेली. घरी आली ती बूटही न काढता दारातच उभी राहिली.

"आई, तिथे भिंतीवर एक पिवळा कागद आहे. त्यातलं बाळंतपण म्हणजे मी का?"

मियुकी कांदा चिरत होती. "अजून ठेवलाय तो कागद?"

"मी विचारतेय ते सांग."

"तूच. दुसरं कोण आहे मला?"

नागिसाने मग आईला विचारलंच नाही. तेत्सुजीच्या दुकानात जाऊन बसली, कानामेचा नंबर काढला, दोघांना काय सांगायचं ते सांगितलं. मेमध्ये कामोमेत 'तीन नंबरचा धक्का' पुन्हा उभा राहिला. पंचाऐंशी माणसं आली. जुने चाहते टक्कल आणि पोटं घेऊन आले होते. तेत्सुजी शेवटच्या गाण्यात रडला आणि नंतर म्हणाला, घाम होता. पुढे खानावळीत सेनबेईच्या, म्हणजे कडक बिस्किटांच्या, सुपाची पातेली रिकामी होत असताना कोणीतरी म्हणालं, "मग आता पुढचा कधी?" तिघंही एकदम म्हणाले, "हो, करू की." त्या रात्री मियुकी घरी आली तेव्हा तिच्या पायांना वजन नव्हतं.

महिन्यातून एका रविवारी तालीम ठरली. जूनमध्ये कानामे दोन तास गाडी चालवून आला. जुलैत आला. ऑगस्टमध्ये उशिरा आला आणि म्हणाला, हे गाणं जरा खालच्या पट्टीत घेऊ या. सप्टेंबरमध्ये तेत्सुजी म्हणाला, हे जरा हळू वाजवू या, या वयात खुलतं. मियुकीने सगळ्याला मान हलवली. गाणी खाली सरकत होती, हळू होत होती, आणि ती स्वतःला सांगत होती की अठरा वर्षांचा गंज आहे, निघेल. तिला हे हवं होतं. इतकं हवं होतं की कानांनी ऐकलेलं ती मनापर्यंत पोचू देत नव्हती.

दुसरा कार्यक्रम नोव्हेंबरात, रविवारी. तीन बँड होते, यांचा शेवटी. जो शेवटी वाजवतो त्याची तालीम सगळ्यात आधी. म्हणजे शेवटच्या तालमीनंतर स्टेज पहिल्या बँडसाठी मांडलेलं राहतं. त्यामुळे दोन वाजता यांची तालीम आटोपली आणि आठपर्यंत मोकळा वेळ उरला. कानामे गाडीत झोपायला गेला. तेत्सुजी दुकानात डोकावून येतो म्हणून गेला आणि चष्म्याची डबी ड्रमपाशी विसरला. मियुकी ती द्यायला दुकानात गेली.

दुकानात तेत्सुजी नव्हता. त्याची बायको किमिए एका म्हाताऱ्याची दाढी करत होती.

"या ना मियुकी-सान, बसा. चहा टाकते."

"नको, ही डबी द्यायला आले होते. वस्तरा तुम्ही धरता?"

"जूनपासून मीच. परवाना माझाही आहे, यांच्यापेक्षा दोन वर्षं जुना."

"हिचा हात हलका आहे," फेसातून म्हातारा बोलला. "त्याचा हात आता थरथरतो. मागच्या खेपेला कानाशी कापलं मला."

"गप्प बसा हो आजोबा, ओठ कापला जाईल." किमिए हसली, पण मियुकीकडे बघेना. "हाडवैद्याकडे गेलेत. येतीलच. तालमीची इतकी हौस आहे त्यांना, महिनाभर वाट बघतात. तुम्ही सगळे आहात म्हणून बरं." आणि हातात वस्तरा धरूनच ती कमरेत वाकली.

मनातली तक्रार गिळून केलेला तो नमस्कार मियुकीला चांगला ओळखीचा होता. किमिएच्या जागी ती असती तर तिनेही अगदी असाच केला असता, हेच शब्द वापरून.

ती सरळ कामोमेच्या मागच्या आवारात आली आणि कानामेच्या गाडीच्या काचेवर टकटक केली. त्याने काच खाली केली.

"कानामे, तू हे कोणासाठी करतोस?"

"झोपेतून उठवून हे विचारतेस?"

"सांग."

"तेत्सुसाठी. मेमध्ये रडला होता तो."

"तो म्हणतो घाम होता."

"त्याला घामही डोळ्यांतूनच येतो."

"आणि तेत्सु कोणासाठी करतो?"

कानामेने डोळे चोळले.  "हे बघ, नागिसाने सांगितलं आम्हाला. तू दर मार्चला तारा बदलतेस ते. अठरा वर्षं. ते ऐकल्यावर नाही कोण म्हणणार, मियुकी? माझा आवाज गेलाय. आज दोन पट्ट्या खाली गायलो, तुला कळलं."

"कळलं."

"बोलली नाहीस."

"तूही बोलला नाहीस."

आवारात मासळीच्या रिकाम्या खोक्यांवर दोन समुद्रपक्षी भांडत होते. मियुकीला वाटलं, आता आपल्याला खोकला येईल, काहीतरी होईल आणि बोलायची वेळ टळेल. काही झालं नाही.

"मग आज संपवू या," ती म्हणाली. "नीट. विसर्जन म्हणून."

"तुला नकोय का हे?"

"हवंय ना. तुम्हा दोघांच्या तोंडून जन्मात निघायचं नाही, म्हणून मी म्हणतेय."

कानामे गाडीतून उतरला, उतरून काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला. "तेत्सु ऐकेल का? ड्रमच्या काठ्या फेकेल."

"फेकू दे. एकाच हाताने फेकेल."

तेत्सुजीने काठ्या फेकल्या नाहीत. बाहीखाली पट्टी लपवत त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण मी कानामेला शब्द दिला होता ना?"

"नव्हता दिलास," कानामे म्हणाला.

"नव्हता?"

"कोणीच कोणाला दिला नव्हता," मियुकी म्हणाली.

तेत्सुजीने मनगट चाचपलं. "मग शेवटचं गाणं खऱ्या वेगाने वाजवायचं. आणि तू वरच्या पट्टीत गायचं, कानामे. फाटला आवाज तर फाटू दे. एवढं ऐकणार असाल तर मी तयार आहे."

राहिला कार्यक्रमाचा कागद. गाण्यांचा क्रम, किती मिनिटांचं गाणं, कुठला दिवा कधी, कोणापुढे माईक, हे सगळं लिहून कामोमेच्या मालकांना द्यावं लागतं. अक्षर चांगलं म्हणून हे काम पहिल्यापासून मियुकीचं. तिने नवा कागद लिहिला आणि नेऊन दिला.

"तालमीनंतर कागद बदलायचा नसतो," ओगासावारा-सान म्हणाले. सत्तरीचे गृहस्थ, अजून रोज स्वतः फरशी पुसायचे. "हा नियम पाळणाऱ्यांतली तू."

"माफ करा. एवढ्या वेळेपुरतं."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. शेवटच्या गाण्याआधी एक ओळ नवी होती: बेसपुढे माईक, दिवा पांढरा, दोन मिनिटं.  मग ते आत जाऊन माईकचा दांडा घेऊन आले, फडक्याने पुसला, त्याची उंची मियुकीच्या हनुवटीएवढी केली आणि भिंतीशी उभा करून ठेवला.

रात्री गाणी झाली, खालच्या पट्टीत, हळू. लोक प्रेमाने टाळ्या वाजवत होते. नागिसा सेंदाईहून आली होती, मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मग पांढरा दिवा लागला आणि मियुकी माईकपाशी आली. आपलाच आवाज समोरून मोठा होऊन आल्यावर ती दचकली. पुढे कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने तिला बरं वाटलं.

"मी मियुकी. बेस वाजवते. अठरा वर्षांपूर्वी आम्ही लिहिलं होतं, काही काळ विश्रांती. तो काळ जरा लांबला. ती विश्रांती आज संपते आणि 'तीन नंबरचा धक्का'ही आज संपतो. इतके दिवस वाट बघायला लावली, माफ करा."

ती वाकली. मागून एक पुरुषी आवाज आला, "थांबलो होतो हो आम्ही." मग तेत्सुजीने चार ठोके मोजले, पूर्वीच्या वेगाने.

कानामेचा आवाज दुसऱ्याच कडव्यात फाटला. तो थांबला नाही, फाटलेल्या आवाजातच गात राहिला. तेत्सुजीचा दुखरा हात मध्येच मागे पडायचा. तो मागे पडला की मियुकी किंचित थांबून त्याला घ्यायची, आणि ती थांबली की कानामे थांबायचा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बघायची गरज नव्हती. साडेचार मिनिटांचं गाणं. असंच वाजावं म्हणून तिने अठरा वर्षं दर मार्चला तारा बदलल्या होत्या, आणि ते वाजत असतानाच तिला ते पुन्हा हवंसं वाटत होतं.

नंतर बाहेर नागिसाने तिला गाठलं. नाक लाल झालं होतं. "मी जागं केलं म्हणून तुटलं ना? नाहीतर राहिलं असतं तसंच."

"तसंच राहिलं असतं, भिंतीवर. तुझ्यामुळे वाजलं. गळ्याला मफलर गुंडाळ आधी, वारा बघ किती आहे."

"आई, माझा दमा जाऊन दहा वर्षं झाली."

"तरी गुंडाळ."

ओगासावारा-साननी तो पिवळा कागद भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. चिकटपट्टीच्या जागी भिंतीचा रंगही निघून आला होता.

सोमवारी सकाळी रांगेत मुख्य बाईंनी मियुकीचे हात उलटे केले आणि थबकल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना टचटचीत फोड आले होते.

"हे काय? तुझे हात कधी असे नसतात."

"रविवारी जरा काम पडलं."

"अन्नाला हात लावायचा नाही आज. भांडी घास."

दिवसभर तिने हातमोजे घालून ट्रे विसळले. तीनला घरी आली. घरात कोणी नव्हतं, नागिसा सकाळच्या गाडीने परतली होती. मियुकीने पेटी उघडून बेस मांडीवर घेतली. पिवळा कागद घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. मग सगळ्यात जाड तारेची खुंटी उलटी फिरवायला लागली. फोडांमुळे खुंटी नीट धरता येत नव्हती. दर फेऱ्याला ती तार एकदा छेडून बघत होती. सूर खाली गेला, अजून खाली गेला, मग नुसतीच घरघर राहिली. जवळजवळ तशी, जशी कधीकाळी ती नागिसाच्या उशाशी बसून ऐकायची.

तार ढिली पडल्यावर तिने दुसरी घेतली.