टकलाला सूट

धोका नीट समजावून सांगितला की माणसे सावध होतात, हा शिकल्या-सवरलेल्यांचा लाडका समज आहे. कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यातील गोदाम सांभाळणाऱ्या वहिनींनी तो काही काळ प्रामाणिकपणे बाळगून पाहिला आणि मग नाइलाजाने सोडून दिला.

त्यांच्या ताब्यात रंग होते, क्षार होते, सुताच्या लडी होत्या. परंतु त्यांचा जीव टांगणीला लावणारी वस्तू एकच. कामगार जिला नुसते ‘हायड्रो’ म्हणत ती पांढरी पूड. निळा रंग सुताच्या पोटात शिरावा म्हणून ती हौदात घालावी लागते. दिसायला पिठासारखी गरीब. भरपूर पाण्यात थोडी थोडी सोडली तर मुकाट्याने विरघळते. पण पिंपात जराशी ओल गेली, एखादा ओला मग किंवा छतावरून टपकलेला थेंब, तर आतल्या आत तापते, गंधकाचा धूर सोडते आणि शेवटी पेट घेते.

वहिनींनी हे सारे सांगितले होते. सांडलेली पूड कोरड्या सुपलीत भरा, परत पिंपात टाकू नका, ओल्या चिंध्यांच्या कचऱ्यात तर मुळीच नको. वेगळ्या डब्यात ठेवा, मी अंगणातल्या टाकीत विरघळवीन. भिंतीवर लाल अक्षरांत पाटीही लावली. कामगारांनी पाटीच्या खिळ्यावर ओले पंचे वाळत घातले. झाकणांसाठी त्या इतक्या वेळा ओरडल्या, की त्यांना ‘झाकणवहिनी’ असे नाव पडले. झाकणे उघडीच राहिली.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मुकादम आरशाच्या तुकड्यासमोर भांग पाडत होता. कंगव्यात गुंतलेले केस त्याने उजेडात धरून पाहिले.

“वहिनी, इथलं पाणी बदललंय का हो? केस फार गळायला लागलेत.”

वहिनींनी त्याच्या ओल्या हातांकडे पाहिले. त्याच्यामागच्या उघड्या पिंपाकडे पाहिले.

“पाण्याचं नाही ते,” त्या म्हणाल्या. “हायड्रो हाताला लागतं, हात डोक्याला लागतो. आता पाटीवर काय काय लिहायचं?”

संध्याकाळपर्यंत ही बातमी प्रत्येक हौदावर पोचली होती. दुसऱ्या दिवशी हातमोजे कमी पडले. ज्यांनी आगीला भीक घातली नव्हती, त्या माणसांनी टोप्या कानांपर्यंत ओढल्या आणि पिंपांची झाकणे अशी दाबून बसवली, की उघडताना वहिनींचाच घाम निघावा. याचे नवल वाटायला नको. आग लागलीच तर ती दुसऱ्याच्या हौदाशी लागेल, अशी प्रत्येकाची मनोमन खात्री असते; टक्कल मात्र रोज सकाळी स्वतःच्याच आरशात भेटणार असते.

घरी नवऱ्याने विचारले, “हे केसांचं खरं आहे का गं?”

“झाकणं लागतायत.”

“मी विचारलं, खरं आहे का?”

“मिठाच्या बरणीत ओला चमचा घातलाय तुम्ही. आधी तो काढा.”

या व्यवस्थेत एकच भोक होते आणि ते चकचकीत होते. वहिनींच्या नवऱ्याचे सख्खे मामा मोठ्या हौदावर रंगारी होते. त्यांच्या डोक्यावर ऐन तरुणपणापासून एकही केस नव्हता.

“मामा, हातमोजे घाला,” वहिनी म्हणाल्या.

“केसवाल्यांना दे, सूनबाई. माझं जे जायचं, ते तू या घरात यायच्या आधीच गेलंय. उगाच चांगले मोजे कशाला वाया घालवतेस?”

“मामांना सूट आहे, वहिनी!” मुकादम ओरडला आणि सारे हसले.

सूट पुढे रिवाज झाली. कोणत्याही हौदाला हायड्रो हवे असले, की मामांना हाक जाई. सगळे सावध झाले होते आणि सर्वांच्या सावधपणाचा भार सर्वांत बेफिकीर माणसाच्या उघड्या हातांवर येऊन पडला होता. मामांना एकट्याला बाजूला घेऊन खरे सांगावे, तर त्यांच्या पोटात गोष्ट टिकत नसे. ती चहापर्यंत कारखानाभर झाली असती आणि झाकणे पुन्हा उघडली असती. न सांगावे, तर मामांचे डोळे नि छाती पणाला लागत होती. वहिनी आज सांगू, उद्या सांगू करत राहिल्या.

मामांनी एका सकाळी स्वच्छतेचा ध्यास घेतला. पूड काढायचा मग घासला, धुतला, ओलाच पिंपात घातला, तळाच्या हायड्रोतले हवे तेवढे खरवडून काढले आणि सूनबाईचा मान राखायचा म्हणून झाकण तेवढे घट्ट लावले.

“काड्या कोण पेटवतंय रे?” थोड्या वेळाने मुकादमाने नाक वर करून विचारले.

वहिनी धावत आल्या तेव्हा पिंपाच्या कडेने धुराची दोरी निघत होती. मामांनी झाकण उचलले होते आणि पाण्याने भरलेला मग आत ओतायला हात पुढे केला होता.

“मामा, तो मग खाली ठेव!”

मामांनी ठेवला. धुरापेक्षा त्या ‘ठेव’ने ते अधिक हादरले होते; भाच्याच्या बायकोने त्यांना कधी अरे-तुरे केले नव्हते.

वहिनींनी सर्वांना बाहेर काढले. मुखवटे चढवून त्यांनी आणि मुकादमाने पिंपाचा हातगाडा मोकळ्या अंगणात ढकलला आणि लांबून, वाऱ्याकडे पाठ करून, नळीने पाण्याचा लोट सोडला. मगभर पाण्याने भडकणारी ती पूड लोंढ्यापुढे निवली. ते पाणी रस्त्याच्या गटारात जाऊ न देता सांडपाण्याच्या टाकीकडे वळवले. मामा नळाखाली डोळे धरून खोकत होते आणि मध्येच म्हणत होते, “मी झाकण लावलं होतं हां!”

वहिनींनी तिथेच, ओल्या अंगणात, सर्वांना गोळा केले.

“केसांचं मी खोटं सांगितलं होतं. हायड्रोनं टक्कल पडत नाही. आग लागते. धूर छातीत जातो. आज मामांचे डोळे थोडक्यात वाचले आणि ते माझ्यामुळं जाणार होते.”

मुकादमाचा हात हळूच टोपीखाली गेला.

“साहेबांनी सांगायला लावलं ना, वहिनी?”

“अहो, नाही!”

“राहू द्या. तुम्हालाही नोकरी आहे. आम्ही समजतो.”

दुसऱ्या दिवशी मामा हातमोजे, चष्मा, मुखवटा असा सारा सरंजाम चढवून गोदामात आले. वर मामींचा रुमाल कपाळावर खालपर्यंत बांधला होता.

“पटलं ना मामा, काल सांगितलेलं?” वहिनींनी विचारले.

“न पटायला काय झालं? केवढा धूर!” मामा जवळ सरकले. “पण मला आधी सांगायचंस गं. डोक्यावरचं गेलं म्हणून मी निर्धास्त. मामी म्हणाली, अहो, तुमच्या भुवया पातळ झाल्यात.”

“भुवयांना काही होत नाही, मामा. खरंच सांगते.”

“हो, हो. तू खरंच सांगतेस,” असे म्हणून मामांनी डोळा मिचकावला, रुमाल आणखी खाली ओढला, कोरड्या मगाने पूड काढली आणि झाकण दाबून बसवले.

ते गेल्यावर वहिनींनी झाकण हलवून पाहिले. ते हलले नाही.